दोघांनी ऐकलं तरच

प्रिय फोरमनबाई,

बाबांचं पत्र, तेही पोस्टाने, म्हणजे नक्की कुणीतरी गेलं असं तुझ्या मनात येईल, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकतो: कुणी गेलेलं नाही. आई ठणठणीत आहे. मीही आहे. वर्कशॉप तुझ्याविना बुडेल असं सगळे म्हणत होते, तेही बुडालेलं नाही; एका बाजूला जरा कललंय, पण तरंगतंय. उलट एकजण गेला असं आम्ही धरून बसलो होतो आणि तो सापडला. त्याचीच गोष्ट सांगायला बसलोय. हे फोनवर सांगता आलं नसतं का, असं तू म्हणशील. शेवटपर्यंत वाच, मग म्हण.

तुला आठवत असेल, जाण्याआधी तूच माझं नाव दातांच्या डॉक्टरांकडे देऊन गेलीस. दातांसाठी नव्हे, त्यांच्या त्या रविवारच्या पक्षी मोजणाऱ्या मंडळींसाठी. बाबांना आठवड्यातून एक सकाळ तरी घराबाहेर काढा, आईवर उपकार होतील, असं तू त्यांना म्हणाल्याचं त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. (दात काढणाऱ्या माणसाच्या पोटात काही राहत नाही.) मी आयुष्यभर मोटारी आणि पंप सोडून कुणाचं ऐकलेलं नाही, हे तुझ्या आईचं आवडतं वाक्य. तरी गेलो. बस डेपोच्या मागे जे तळं आहे, त्याच्या बांधावर पहाटे उभा राहिलो आणि दोन मिनिटांत डॉक्टरांना म्हणालो, अहो, इथे कुणाची तरी मोटार चालू राहिलीय, बेअरिंग कोरडं पडलंय, जळेल. डॉक्टर हसून हसून खाली बसले. ती मोटार नव्हती, पक्षी होता. पाणकणसांच्या गचपणात आत कुठेतरी बसून, तोंड बंद न करता, एका सुरात किर्रर्र लावून धरणारा. चिमणीहून लहान, मातकट रंगाचा, दाट कणसं सोडून बाहेर न येणारा. डॉक्टर इतकी वर्षं तळ्यावर जातात, त्यांनी तो एकदाच पाहिला, तोही शेपटीकडून. पुस्तकात त्याला लांबलचक नाव आहे, पण त्या दिवसापासून आमच्यात तो 'बेअरिंगवाला' झाला, आणि मी एका सकाळीत त्या मंडळींचा कानसेन झालो.

खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडलं. माझं भांडवल म्हणजे हे दोन कानच होते, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? शाळा अर्धवट, हातात एक स्क्रूड्रायव्हर. त्याचं टोक चालू मोटारीला लावायचं, मूठ कानाच्या हाडाला टेकवायची आणि डोळे मिटायचे. आत काय दुखतंय ते मोटार स्वतः सांगते. तू सात-आठ वर्षांची असताना माझ्या शेजारी तशीच उभी राहायचीस, कानाला तुझा तो छोटा स्क्रूड्रायव्हर, डोळे घट्ट मिटलेले, आणि कारागिरांना हुकूम सोडायचीस, ही खोला, हिला तेल द्या. फोरमनबाई हे नाव तुला तिथेच पडलं. गिऱ्हाइकं हसायची. पण चारपैकी तीन वेळा तू बरोबर असायचीस, हे त्यांना मी कधी कळू दिलं नाही. कळलं असतं तर माझ्याऐवजी तुलाच मजुरी दिली असती.

तर या मंडळींची मोजायची पद्धत मी त्यांच्यात सामील झाल्यावर जरा कडक केली. बांधावर ठरलेल्या जागा आहेत. प्रत्येक जागी दोघं, पाठीला पाठ लावून, तोंडं मिटून. जे ऐकू येईल ते ज्याचं त्याने लिहायचं, शेजाऱ्याला विचारायचं नाही. मग मोजणी संपली की डेपोच्या कँटीनमध्ये चहा, आणि तिथे कागद जुळवायचे. दोघांनी ऐकलं असेल तरच पक्षी धरायचा. एकट्याने ऐकलेला खोडायचा. हा नियम माझा. वर्कशॉपमध्ये एकाने मोटार पास केली की दुसऱ्याने तपासल्याशिवाय ती दाराबाहेर जात नाही, तसंच. डॉक्टरांना तो इतका पटला की त्यांनी तो छापूनच काढला.

कणसांच्या रानालगतची जागा माझी, बाकीच्या जागांवरून बेअरिंगवाल्याचा आवाज पोचतच नाही; आणि तिथे माझ्या पाठीला पाठ लावून उभ्या असायच्या त्या वाचनालयातल्या बाई. त्या तुला आठवतील, उशिरा पुस्तक दिलंस तरी दंड मागताना त्याच संकोचायच्या. बोलतात इतकं हळू, की मला वाटायचं, जन्मभर 'शांतता राखा' या पाटीखाली बसून बसून आवाजच झिजलाय बिचारीचा. तशी हल्ली सगळी दुनियाच तोंडातल्या तोंडात बोलायला लागली होती म्हणा. टीव्हीवरची माणसं गुळण्या केल्यासारखी बोलत. तुझी आई स्वयंपाकघरातून काहीतरी पुटपुटायची आणि मी विचारलं की म्हणायची, जाऊ द्या, भिंतीला सांगितलेलं बरं. वर्कशॉपमध्ये आपला मेस्त्री एकदा एका पंपापाशी अडून बसला, म्हणाला, शेठ, हा शिट्टी मारतोय. मी स्क्रूड्रायव्हर लावून बघितला, म्हटलं, शिट्टी तुझ्या डोक्यात. मी चहाला गेलो तेव्हा त्याने गुपचूप बेअरिंग बदललं. म्हटलं, पोरगा वाया चालला. पोरगा म्हणजे पन्नाशीचा आहे, पण ते असो.

आणि याच सुमारास आमचा बेअरिंगवाला गप्प झाला. एक वसंत गेला, दुसरा गेला. इतर पक्षी होते, पाणकोंबड्या भांडत होत्या, बदकं होती, पण कणसांच्या रानातून ती किर्रर्र काही येईना. प्रत्येक रविवारी मी माझ्या कागदावर तेवढी जागा कोरी सोडायचो आणि चहाला डॉक्टर माझ्याकडे बघायचे. मी मान हलवली की ते साखर न घालताच चहा ढवळत बसायचे. त्यांना कुणी म्हणालं की दुसऱ्या कुणाला उभं करून बघू, तर तेच उसळून म्हणायचे, यांना ऐकू आला नाही म्हणजे तो नाहीच.

मग पालिकेने तळं सुंदर करायला घेतलं. सुंदर म्हणजे कसं, तर डेपोच्या बाजूची पाणकणसं मुळासकट काढायची, काठ सिमेंटने बांधायचा, फरशी, बाकडी, दिवे, आणि मधोमध रंग बदलणारं कारंजं. डॉक्टरांनी हरकत घेतली, तर पालिकेचे इंजिनिअर स्वतः कँटीनला आले. माणूस तरुण, नीटनेटका, वाईट मुळीच नव्हे. त्याने आमचेच छापील आकडे पुढे ठेवले. म्हणाला, डॉक्टरसाहेब, ज्याच्यासाठी हे रान राखायचं म्हणता, तो पक्षी तुमच्याच मोजणीत दोन वर्षं नाही. राहिलं ते नुसतं गवत. गवतासाठी लोकांचं फिरणं थांबवू का? पालिकेची बैठक ठरली. त्या रात्री मी नीट जेवलो नाही. आईने काहीतरी विचारलं, ते मला कळलं नाही, मी हो म्हणालो, तिने आणखी एक पोळी वाढली.

बैठकीआधीचा शेवटचा रविवार. मोजणी झाली, चहा आला. वाचनालयाच्या बाई माझ्या शेजारीच बसल्या होत्या, म्हणून त्यांचं बोलणं मला समजलं. त्या म्हणाल्या, काका, तुमच्या ओळखीचा कानांचा कुणी चांगला डॉक्टर आहे का? माझे कान वाजतात. मी विचारलं, कधीपासून? म्हणाल्या, झाली की दोन वर्षं. एकाकडे गेले होते, तो म्हणाला कान उत्तम आहेत, पण वाजायचे काही थांबत नाहीत. मी सहज विचारलं, जसं गिऱ्हाइकाला विचारतो, की वाजतात कुठे, घरी की वाचनालयात? त्या म्हणाल्या, घरी नाही हो. वाचनालयातही नाही. इथेच, बांधावर उभी राहिले की.

फोरमनबाई, तुला मी अगदी लहानपणी काय शिकवलं होतं? मोटार एकाच घरात बिघडत असेल आणि वर्कशॉपमध्ये आणल्यावर झकास चालत असेल, तर बिघाड मोटारीत नाही, त्या घरात आहे. माझा चहाचा कप हातातच राहिला. मी त्यांना विचारलं, कसे वाजतात? आणि त्या सभ्य बाईंनी, भर कँटीनमध्ये, कंडक्टर-ड्रायव्हरांच्या देखत, ओठांचा चंबू करून किर्रर्र असा आवाज काढून दाखवला. म्हणजे काढला असावा. मला फक्त ओठ दिसले. पण डॉक्टर ताडकन उठले आणि त्यांचा कप सांडला, त्यावरून मी समजायचं ते समजलो. तुम्ही लिहिलं का नाही, असं डॉक्टर जवळजवळ ओरडलेच. बाई रडवेल्या झाल्या. म्हणाल्या, पहिल्यांदा लिहायचे की, पण काकांच्या कागदावर नसायचा म्हणून जुळवताना मीच खोडून टाकायचे. मग वाटलं, काकांच्या कानांना जे येत नाही ते मला कसं येईल, माझेच कान बिघडले असणार.

आम्ही तसेच बांधावर परत गेलो. डॉक्टरांच्या मोबाइलमध्ये एक सोय आहे, आवाज ऐकून साठवून ठेवते आणि त्याचं चित्र काढते. जाड आवाज खाली, बारीक आवाज वर. डेपोत बस सुरू झाली की खाली जाड पट्टा उमटायचा, तो मलाही ऐकू येत होता. आणि वर, अगदी वर, एक बारीक, सरळ, न तुटणारी रेघ चालली होती. मी ती रेघ बघत उभा होतो. बाईंनी माझ्या हाताला हात लावून कणसांकडे बोट केलं. डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी. आणि माझ्या कानांत काय, तर वारा आणि बस. पक्षी तिथेच होता, दोन्ही वर्षं होता, गळा फाडून सांगत होता की मी आहे, आणि माझा तो कडक नियम त्याला दर रविवारी खोडत होता.

मला किती वाईट वाटलं ते लिहीत नाही, कारण त्यात फार वेळ गेला नाही. वाईट वाटून घ्यायला बैठक थांबणार नव्हती. डॉक्टर मोठ्या मनाने म्हणाले, तुमचं नाव मध्ये यायला नको, यंत्रात दोष होता असं सांगू. मी म्हटलं, डॉक्टर, यंत्रातच दोष आहे, आणि ते यंत्र स्वतः बैठकीला येणार आहे.

सभागृह भरलेलं होतं. मी उभा राहिलो आणि सरळ सांगितलं की ही दोन वर्षांची मोजणी माझ्या कानांची आहे आणि माझे कान बारीक आवाजाला बहिरे झालेत. मागे कुणीतरी खुदकन हसलं. (असं नंतर कळलं.) इंजिनिअर म्हणाले, काका, ऐकू येत नव्हतं तर मोजायला जात कशाला होतात? मी म्हटलं, साहेब, गाडीचा काटा अडकला म्हणजे टाकीतलं पेट्रोल संपलं असं होत नाही. काटा बदलायचा, टाकी तोडायची नाही. मग मी म्हटलं, मी आता तळ्यावरचा आवाज लावतो, ज्यांना ऐकू येईल त्यांनी हात वर करा. डॉक्टरांनी मोबाइल ध्वनिक्षेपकाला जोडला. मला ऐकू येणारच नव्हतं, म्हणून मी मोबाइलच्या पडद्यावरची रेघ बघत होतो. रेघ सुरू झाली आणि एकेक हात वर जायला लागला. तरुण, बाया, शिपाई, शेवटी इंजिनिअरसुद्धा. सगळे हात वर, फक्त पालिकेच्या अध्यक्षांचा खाली. अध्यक्ष माझ्याच वयाचे. त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि रुबाबात आपलाही हात वर केला. तोवर रेघ संपली होती. मी म्हटलं, अध्यक्षसाहेब, आवाज थांबून बराच वेळ झाला.

सभागृह जे फुटलं! पण माणूस दिलदार. सगळ्यांत मोठ्याने तेच हसले. म्हणाले, आमच्या सौभाग्यवती चार वर्षं हेच सांगताहेत, आज भर सभेत सिद्ध झालं. आणि मग हसू आवरून म्हणाले, जे मला ऐकू येत नाही ते नाहीच, असं म्हणून मी सही करायची नाही, एवढं आज शिकलो. आधी तळ्यावर जाऊन ऐकू, मग ठरवू.

आणि गेले सगळे. पहाटे, बांधावर. इंजिनिअर नव्या बुटांनी चिखलात उतरले. वाचनालयाच्या बाई पुढे, आणि त्या दिवशी त्यांचा आवाज काय खणखणीत, पालिकेची अख्खी मंडळी त्यांनी बोटाच्या इशाऱ्यावर गप्प उभी केली. एक नव्हे, कणसांच्या निरनिराळ्या कोपऱ्यांतून बेअरिंगवाले वाजत होते, हे मला सगळ्यांच्या बोटांवरून कळलं. इंजिनिअर कितीतरी वेळ कान देऊन उभे राहिले आणि मग म्हणाले, समोरच्या काठाला नाहीतरी नुसती माती आहे, फरशी तिकडे नेली तर? त्यांनीच नकाशा पुन्हा काढला. गेल्या महिन्यात ठराव पास झाला. कणसांना हात लागणार नाही, दिवे नाहीत, कारंजं तर नाहीच. कँटीनवाल्याने त्या दिवशी सगळ्यांना चहा फुकट पाजला आणि आमचे दंतवैद्य बाकावर चढून नाचले. मी बघितलंय. बाक अजून डुगडुगतो.

नियमही बदलला. आता दोघांतला एक तरुण कानांचा असतो, एकट्याने ऐकलेलं खोडायच्या आधी मोबाइलची रेघ बघायची, आणि वर्षातून एकदा सगळ्यांनी आपापले कान तपासून घ्यायचे, अध्यक्षांसकट. ते दर रविवारी येतात. त्यांचं यंत्र आणि माझं एकाच दुकानातलं.

हो, यंत्र बसवलंय मी. दोन्ही कानांना, शेंगदाण्याएवढं. दुकानातून बाहेर पडलो तर माझा शर्टच कागदासारखा वाजायला लागला. गाडी वळवताना टिक टिक असा आवाज येतो हे मी विसरूनच गेलो होतो. वर्कशॉपमध्ये जाऊन मेस्त्रीची माफी मागितली, तर लेकाचा म्हणाला, शेठ, माफी राहू द्या, आता मला मनातल्या मनात शिव्या द्याव्या लागणार. आणि तुझी आई पुटपुटत नव्हतीच. ती काय काय बोलत होती ते आता ऐकू आल्यावर वाटतं, यंत्र आणखी थोडे दिवस नसतं तरी चाललं असतं. बांधावर गेलो. कणसांत बेअरिंगवाला होता, तसाच, कोरडा ठणठणीत. मला तेलाची बाटली घेऊन त्याच्यामागे पळावंसं वाटलं.

आता हे पत्र का, ते. गेल्या रविवारी संध्याकाळी तुझा फोन आला. नेहमीप्रमाणे मी उचलला, नेहमीप्रमाणे 'घे, तुझ्या लेकीचा' म्हणून आईच्या हातात दिला आणि समोरच्या खुर्चीत पेपर घेऊन बसलो. कानांत यंत्र होतं, याचा मलाच विसर पडला होता. तू आईला विचारलंस, बाबा अजून रागावलेत का गं माझ्यावर? आई म्हणाली, तुला माहितीये ना ते कसे आहेत. खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून, फोन आईच्या कानाला चिकटलेला असताना, मी ते अक्षर न् अक्षर ऐकलं. बाळा, वर्कशॉप सोडून गेलीस तेव्हा रागावलो होतो, नाही म्हणत नाही. पण माझा राग हलक्या प्रतीचा माल, आठवडाभरसुद्धा टिकला नाही. नंतर फोन आईला द्यायचो तो रागाने नव्हे. तुझा आवाज बारीक. फोनमधून मला नुसता वारा ऐकू यायचा, आणि तू काहीतरी आपलेपणाने सांगावंस आणि मी भलत्याच जागी हो म्हणावं, याची भीती वाटायची. तू बोलत होतीस, मी कागद कोरा सोडत होतो, आणि आपण दोघंही धरून चाललो की आता तिथे काही नाही. त्या दिवशी तिथल्या तिथे फोन ओढून घेणार होतो, पण माझाच आवाज ठिकाणावर नव्हता, म्हणून लिहितोय. या रविवारी फोन कर. मी उचलेन, आणि आईला देणार नाही. पहिल्यापासून सगळं सांग, अगदी हळू बोललीस तरी चालेल. तू बोल, मी ऐकतो. मग मी बोलेन, तू ऐक. आपला जुना नियम तेवढ्यापुरता ठेवू: दोघांनी ऐकलं तरच पक्कं.

तुझाच, आता दोन्ही कानांनी,
बाबा